आधी रिकामी खुर्ची गेली

काउंटरबाईंनी सव्वीस वर्षं लोकांना सहलीला पाठवलं. ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेमागे बसून, मान वाकडी करून फोन खांद्याशी धरत त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "काही अडचण येणार नाही, सगळी सोय आहे." त्यातली निम्मी हॉटेलं त्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. कुणाला फसवायचा हेतू नसायचा; धंद्यात तसं बोलायची जिभेला सवय लागते, इतकंच.

मग नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. विजेचे मीटर वाचत गावातले सगळे जिने पालथे घातलेला माणूस. त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं.

पाच महिन्यांनी बाईंनी हौसेनं डोंगरातलं एक हॉटेल ठरवलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "काही अडचण नाही, बाई." गेल्यावर कळलं, खोलीपर्यंत एकोणीस पायऱ्या! सोबत आलेल्या दिरानं आणि तीन वेटरांनी मिळून नवऱ्याला चाकांच्या खुर्चीसकट उचललं, कपाट चढवतात तसं. "जरा डावीकडून घ्या... टेकवा, टेकवा!" जेवायला बसलेले लोक चमचे हातात धरून बघत राहिले. दोन दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. घरी परतल्यावर एवढंच म्हणाले, "पुन्हा... नाही." त्यानंतर ते गॅलरीतही बसेनात. माणूस खिडकीकडे पाठ करून बसायला लागतो म्हणजे काय, हे ज्याच्या घरी घडतं त्यालाच कळतं.

बाई हट्टाला पेटल्या. आणखी एकदा अशी फजिती झाली तर हा माणूस कायमचा त्या खोलीत राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पुन्हा फोन सुरू झाले.

"पायऱ्या किती?"

"एकही नाही."

"आणि उंबरठा?"

"तो असणारच की, बाई!"

"बाथरूमचं दार किती रुंद आहे?"

"नेहमीसारखं."

"टेप लावून सांगता का?"

बऱ्याच जणांनी फोन ठेवून दिला. स्वतःचीच वाक्यं आता दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना बाईंना जुनं एकेक गिऱ्हाईक आठवायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी तळ्याकाठच्या एका लहानशा गेस्ट हाउसच्या मालकानं खरोखर टेप लावली. तरी बाईंचा विश्वास बसेना. एका सकाळी नवऱ्याला दिराच्या हवाली करून त्यांनी भाड्यानं आणलेली तशीच दुसरी खुर्ची टॅक्सीत टाकली आणि एकट्याच निघाल्या.

फाटकाशी उतरून त्या स्वतः खुर्चीत बसल्या. उजवा हात ओढणीनं कमरेशी बांधला. बाईंना खूळ लागलंय की काय, असं टॅक्सीवाल्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. एकाच हातानं चाक फिरवलं की खुर्ची जागच्या जागी गिरकी घेते; डाव्या पायानं रेटा देत तिला सरळ ठेवावं लागतं. फाटक, खडी, दार, पलंग, बाथरूम. एवढ्याला पाऊण तास लागला. बाथरूममध्ये धरायला दांडा होता, पण उजव्या भिंतीला. मालक ओशाळून म्हणाला, "डावीकडे बसवून घेतो."

मग त्यानं टॅक्सीवाल्याला विचारलं, "बाई चहा घेतील का?"

"घेतील की," टॅक्सीवाला म्हणाला.

बाई धडधाकट आहेत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी खुर्चीतल्या माणसाला सोडून शेजारच्याला विचारलं गेलं होतं. आठ महिने डॉक्टर, दीर, शेजारी, सगळे त्यांनाच विचारत होते, 'ह्यांना भूक आहे का, ह्यांना बरं वाटतंय का', आणि त्या नवऱ्याकडे न बघता उत्तरं देत होत्या.

दुपारी घरी आल्यावर त्या स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसल्या. दार, दांडा, तळ्यापर्यंतची वाट, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

"वहिनी, दादा काय विचार—" दीर मधेच बोलायला गेला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि त्या नवऱ्याकडेच बघत राहिल्या.

फार वेळ लागला. नवऱ्याचे ओठ एका बाजूला ओढले गेले. एक शब्द निसटला, तो त्यांनी पुन्हा पकडला.

"तिथं... तुला... झोप... मिळेल?"

बाईंनी मालकाला छत्तीस प्रश्न विचारले होते. त्यांत हा नव्हता. आठ महिने रात्री तीन-तीनदा उठून त्या नवऱ्याची कूस बदलत होत्या, आणि तुला झोप मिळते का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. इकडे हा माणूस मात्र पडल्या पडल्या त्यांचं प्रत्येक उठणं मोजत होता. बाईंना रडू आवरेना. दीर पाणी आणायला म्हणून उठून गेला.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी गेस्ट हाउसला फोन लावला. "रात्री कूस बदलायला कुणी माणूस मिळेल का?" तळ्यापलीकडच्या दवाखान्यात एक परिचारक होता. मालकानं तिथल्या तिथे त्याला विचारून होकार कळवला.

"मिळेल," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्यानं मान डोलावली.

"मग... येतो."