सतरा नंबरची चकती

सगळ्यांना खूश ठेवणाऱ्या माणसाचा मला तिटकारा आहे. तो बाळगायचा मला पुरेपूर हक्क आहे, कारण जवळजवळ दोन वर्षं तो माणूस मीच होतो.

२०११ च्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी दुपारी तीनला आम्ही चौघं जमायचो. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक कोंदट खोली. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचा थर्माकोल, दुसऱ्या कोपऱ्यात बंद पडलेला पाण्याचा पंप आणि खिडकीत कबुतरांची घाण. आमचा खेळ तिथे चालायचा. या खेळाला पट नसतो. एक जण गोष्ट सांगतो, तो मी. बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. कुणी तट चढतो, कुणी पहारेकऱ्याला गंडवतो. ते जमलं की फसलं, हे एक ते वीसमधला आकडा ठरवतो. मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं.

त्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो. माझ्या आतेभावाने परदेशातून नियमांचं जाडजूड पुस्तक पाठवलं आणि फासा पाठवायचा विसरला. म्हणून मी सोसायटीचा हाऊजीचा संच काढला, त्यातल्या एक ते वीस नंबरच्या प्लास्टिकच्या चकत्या एका कापडी पिशवीत भरल्या. हाऊजीत आकडा काढणारा एकच असतो. तो जे ओरडेल ते बाकीचे आपापल्या तिकिटावर खोडतात, कुणी उठून चकती बघायला जात नाही. आम्हीही तीच पद्धत ठेवली. मी काढायचो, वाचायचो आणि चकती परत पिशवीत टाकायचो. फासा असता तर टेबलावर पडला असता, सगळ्यांना दिसला असता. हा फरक सुरुवातीला माझ्या लक्षात आला नव्हता, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. पहिल्याच रविवारी आला होता.

त्या दिवशी मी तिघांना विचारलं होतं, तुम्हाला खेळात काय हवंय?

पहिला माझा शाळेतला दोस्त, जवळच्याच गावातला आगरी. तो म्हणाला, "आपल्याला बोलबच्चन नाय पायजे. मारामारी पायजे. मोठा राक्षस दे, मी त्याला फोडतो." दुसरा आमच्याच मजल्यावरचा, बँकेत नोकरीला. एकेकाळी नाटकात कामं केलेली, ते तो आम्हाला विसरू देत नसे. त्याला लांबलचक भाषणं करायची होती. त्याचा राजदूत बोलायला लागला की फरसाणाचे कण थेट माझ्या नकाशावर येऊन पडायचे, आणि मग त्याच तेलकट बोटांनी तो मला "इथे आहे ना रे राजवाडा?" असं दाखवायचा. नकाशावर त्या बोटांचे पारदर्शक डाग पडले होते. मला ओकारी यायची, पण मी हसायचो.

तिसऱ्या, समोरच्या बिल्डिंगमधल्या मॅडम. एका खासगी शाळेत गणित शिकवायच्या, कंत्राटावर. कायम होण्याची संधी तीनदा आली आणि तिन्ही वेळा कुणाची तरी भाची, कुणाचा तरी मेहुणा मध्ये आला. त्यांनी बराच विचार केला आणि विचारलं, "दादा, इथे कुणाची चिठ्ठी चालत नाही ना? आकडा येईल तोच?"

मी म्हणालो, "येईल तोच."

"मग मला एवढंच हवंय. हरले तरी चालेल."

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण आपल्याकडे 'हरले तरी चालेल' हे कुणी मनापासून म्हणत असेल यावर माझा विश्वासच नव्हता. पाहुणा जेवताना 'आता पुरे' म्हणतो, तेव्हा आपण आणखी एक पोळी वाढतो. मी तसंच केलं.

सुरुवात दोस्तापासून झाली. लागोपाठ चार लहान आकडे आले आणि त्याचं तोंड पडलं. पाचवा तीन आला, मी तेरा म्हणालो. राक्षस मेला, दोस्त खुर्चीवर उभा राहून नाचला. किती सोपं होतं! मग बँकवाल्याचं भाषण फुकट जाऊ नये म्हणून आठाचे अठरा केले. मग मॅडमचा हेर पकडला जाऊ नये म्हणून दोनाचे सोळा. कुणाला किती दिलं याचा हिशेब मी मनात ठेवायचो, म्हणजे कुणी रुसायला नको. पुढे पुढे मी चकतीकडे बघेनासाच झालो. हात घालायचा, काहीतरी चाचपायचं, ज्याचं तोंड उतरलंय त्याच्या सोयीचा आकडा बोलायचा. तिघंही खूश, आणि मी स्वतःला मोठा कसबी समजत होतो.

मॅडम प्रत्येक आकडा वहीत लिहायच्या. मला वाटायचं, शिक्षिकेची सवय.

मग एका रविवारी त्यांचा हेर एका सुळक्यावर दोराला लटकला होता. सुळका मी कर्नाळा किल्ल्याचा जसाच्या तसा उचलला होता, मधमाश्यांच्या पोळ्यांसकट. पोळं उठलं होतं. दोर धरून राहायचं तर पंधरा किंवा जास्त हवे होते, नाहीतर हेर खाली जाणार. हा हेर त्यांनी दोन वर्षं जपला होता. दोस्त पुटपुटत होता, "पड रे पड, मोठा पड." मी पिशवीत हात घातला आणि दणक्यात म्हणालो, "सतरा!"

दोस्ताने टेबलावर थाप मारली. मॅडमनी पर्स उघडली आणि एक चकती माझ्यासमोर ठेवली. सतरा नंबरची.

"तीन रविवार झाले, ही माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आवरताना मीच काढून घेतली. वहीत लहान आकडे येईनासेच झाले होते, म्हणून." मग त्यांनी वही उघडून वर्गात वाचून दाखवावं तसं वाचलं. "या तीन रविवारांत तुम्ही सतरा चार वेळा काढलेत. एकदा ह्यांच्यासाठी, एकदा ह्यांच्यासाठी, दोनदा माझ्यासाठी."

दोस्ताने हळूच विचारलं, "म्हंजे मी मारलेला राक्षस पन खोटाच? घरी पोरांना सांगितलाय मी." बँकवाला फरसाण चावत म्हणाला, "अहो मॅडम, एवढं काय त्यात? मजा आली ना? त्याने आपल्याच भल्यासाठी केलं." हे ऐकून मला त्याचा आधार वाटला, आणि आधार वाटला म्हणूनच त्याची आणि माझी एकदमच किळस आली.

मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सतरा नंबर पिशवीत टाकला, पिशवी हलवली आणि स्वतः हात घातला. चकती टेबलाच्या मध्यभागी ठेवली.

चार.

दोन वर्षांचा हेर सुळक्यावरून गेला. मॅडमनी वहीत चार लिहिलं. त्यांचा चेहरा उतरला नव्हता. उलट कितीतरी दिवसांनी त्या निवांत दिसत होत्या. आणि मी, सगळं उघडं पडल्यावर, चोरी पकडली गेल्यावर, काय म्हणालो? मी म्हणालो, "मॅडम, हा नको धरूया. परत एकदा काढा. एवढ्यापुरतं."

त्यांनी वही मिटली. "एवढ्यापुरतं," त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेतही असंच म्हणतात. दर वेळी." चपला घातल्या आणि गेल्या. त्या परत आल्या नाहीत. रस्त्यात, भाजीवाल्याकडे भेटल्या की नमस्कार करायच्या, व्यवस्थित, दोन्ही हात जोडून. त्या नमस्कारापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या रविवारी मी ठरवून गेलो होतो. दोघांना सांगितलं, आजपासून प्रत्येक चकती टेबलावर, सगळ्यांसमोर. दोघांनी माना डोलावल्या. पहिली चकती तीन. दुसरी सहा. मग दोन. दोस्ताची तलवार हवेत फिरत राहिली. बँकवाल्याचं भाषण ऐकून गोष्टीतल्या राजाने त्याला तुरुंगात टाकलं. अर्ध्या तासात दोघांचीही तोंडं उतरली आणि बँकवाला घड्याळ बघायला लागला.

मग दोस्त म्हणाला, "यार, पयल्यासारखाच काड ना. आमाला दाखवू नको."

बँकवाल्याने फक्त मान दुसरीकडे वळवली.

मी पिशवी मांडीवर घेतली, हात घातला आणि न बघता अठरा म्हणालो. राक्षस कोसळला, दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.