दोन ओळींची खुशाली

इंजिनिअरिंग संपल्यावर मी उंब्रज सोडलं. आबा हायवेपर्यंत आले. बंगळूरची बस थांबली, त्यांनी बॅग वर दिली आणि म्हणाले, "पोचलीस की कळव. मोजकं लिही."

मोजकं लिहिणं त्यांनीच शिकवलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत सिग्नलला होते. तिथं संदेशात फालतू शब्द चालत नसे. पेन्शनवर घरी आल्यावर माझे शाळेतले निबंध ते तसेच तपासायचे. स्वतः गावचंच बोलायचे, पण माझ्या लिहिण्यातून गावची बोली आधी गेली, मग विशेषणं गेली. 'मला वाटतं' हे तर दर वेळी खोडलं जाई.

बंगळूरहून पहिलं पत्र मी चांगलं लांबलचक लिहिलं. पीजीतला भात, न कळणारी कन्नड, रविवारची दुपार कशी सरत नाही, सगळं त्यात होतं. ते पत्र परत आलं, तांबड्या पेन्सिलीनं तपासलेलं. सोबत आबांची चिठ्ठी: 'चुका कमी आहेत. प्रगती आहे.' त्यांनी ते कौतुकानं लिहिलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी दोन ओळींवर आले. पुढे मोबाइल आला, घरचा ग्रुप झाला, तरी माझं 'पोहोचले. सगळे ठीक.' तसंच राहिलं. नोकरी गेली त्या महिन्यातही सगळे ठीकच होते.

माझी मुलगी सई आता नववीत आहे. मराठी लिहायला ती आबांना मेसेज करत शिकली. ओळीओळीत चुका, अर्धं इंग्रजी, अर्धं आबांच्या तोंडचं. आबांनी त्यातलं काहीच कधी दुरुस्त केलं नाही. मग माझंच का तपासायचात, असं मी एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाले, "तुला परक्या लोकांत जायचं हुतं. कुणी हसू नये म्हणून करत हुतो गं."

आबा गेले. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला नदीकाठी जमलेल्यांपुढे दोन शब्द बोलतात. वाक्यं ठरलेली असतात: कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, देव आत्म्याला शांती देवो. सईलाही बोलायचं होतं. नानाकाकांनी तिचा कागद वाचला आणि माझ्या हातात दिला. "जरा नीट करून दे. गेलेल्या माणसाला कुणी प्रश्न इचारतं व्हय?"

तिनं सगळं आबांनाच लिहिलं होतं, नेहमीच्या मेसेजसारखं. मी पेन उघडलं.

आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "तुझे मेसेज ते परत परत वाचायचे. म्हणायचे, लेकीचं सगळं बरोबर असतंय, पण कळत काय न्हाई."

मी कागद तसाच परत दिला.

सईनं अडखळत वाचलं. शेवटी तिनं विचारलं, "आबा, आता मला रोज जेवलीस का, कोण विचारनार?"

लोक खाली बघत होते. आई जागेवरूनच म्हणाली, "मी इचारीन की."

माझ्यासारखे जे घराबाहेर पडले, त्यांनी मुलांच्या लिहिण्यातल्या चुका काढाव्यात की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. आबांच्या पेन्सिलीवरच मी इथवर आले, हेही खरं आहे. उंब्रजला आता आई एकटी आहे. सई तिला रोज लिहिते, पानभर. आईच्या हातातला तो फोन, एवढंच आता माझं घर आहे. मीही तिथं रोज दोन ओळी लिहिते. त्यांत चूक नसते.