खोडलेला ऑक्सिजन

“लई झ्याक लिहिलंय की तुझ्या दादानं!” वाचनालयातल्या व्याख्यानात, बायकांच्या सतरंजीवर, शेजारच्या काकू मला म्हणाल्या. ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघांवरचं ते भाषण मी लिहिलं होतं. नाव दादानं स्वतःचं लावलं. तिथला हिरवा प्रकाश पृथ्वीवर नसलेल्या ‘नेब्युलियम’ नावाच्या मूलद्रव्याचा नसून आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनचाच आहे, हे मी इंग्रजी मासिकात वाचलं होतं. दादानं जुन्या पुस्तकावर विसंबून ती ओळ बदलली. हेडमास्तरांनी नेमकी तीच चूक दाखवली. दादा हसून म्हणाला, “बहिणीनं नक्कल करताना घोळ घातला.” सगळे माझ्याकडे वळून हसले. गॅसबत्तीच्या वासासरशी तो हशा मला अजून ऐकू येतो. त्या हशातच मी उभी राहिले. “दादा, माझ्या कागदावर ऑक्सिजनच होता. तो तू खोडलास.”