नाना नावेत राहायचे

आमच्या गावात कुणी नानांचं घर विचारलं, की लोक नदीकडे बोट दाखवायचे. तिथे बाभळीखाली एक जुनी शिडाची नाव होती. तापीवर पूल झाला तेव्हापासून ती काठावर पालथी पडलेली. नानांनी ती सुलटी केली, दगडांवर टेकवली, बैलगाडीला घालतात तसा वर टप घातला आणि एका कुत्र्याला घेऊन आत राहायला गेले. नाना माझे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि माझ्यावरचा एक आरोप अजून तसाच आहे. तो खरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

नाना वरणगावला कारखान्यात नोकरीला होते. फिटर. रिटायर होऊन गावी आले आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. पुढचे चार महिने नाना घरात नुसते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे. एके दिवशी पान्ह्यांची पेटी उचलली आणि म्हणाले, नाव नीट करायची आहे. माझ्या नवऱ्याला वाटलं, आठ दिवसांचं वेड असेल. मी विचारलं, "नाना, घरी कधी येणार?" ते म्हणाले, "नाव पानीमा तरनी का मी घर येसू."

झालं! पिठाच्या गिरणीवर माझी अब्रू गेली. सून जेवायला घालत नाही, म्हणून म्हातारा नावेत राहतो. मी रोज दुपारी सगळ्यांच्या नाकासमोरून डबा घेऊन जायचे, कळण्याची भाकरी आणि ठेचा. तर डब्यात शिळं असतं म्हणे! तेव्हा ती नाव एकदाची तरावी, असं गावात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर मला.

कुत्र्याचं नाव फोरमन. नाना म्हणायचे, "जनमभर फोरमननी माले हाका मार्‍यात. आते मी त्याले हाका मारस." हा फोरमन बोलावल्यावर येत नसे, तेवढं पदाला शोभून होतं. त्याला एकच गोष्ट सहन होत नसे, ओले पाय. पावसाळ्यात टपातून थेंब गळला, की तो उठून कोरड्या जागी जायचा आणि तो जिथून उठला तिथे नाना खडूने खूण करायचे. दुसरी तपासणी नाही. फोरमन बसला म्हणजे जागा पास.

नानांचं काम बघण्यासारखं होतं. फळ्यांच्या सांधीत कापूस आणि राळ ठोकून भरायची, एवढंच ते काम. पण हात फिटरचा. "फटमा कागद बी जावाले नको," म्हणत त्यांनी भर वैशाखात, लाकूड पापडासारखं वाळलेलं असताना, एकेक सांध अशी ठासली की सुई शिरू नये. शिडासाठी मंडपवाल्याकडून जुनं कापड आणलं. त्याच्या एका कोपऱ्यात 'सुस्वागतम्' होतं, ते तसंच राहिलं. मग नारळ फोडून ट्रॅक्टरने नाव पाण्यात ढकलली. मी घरी येऊन नानांची खोली झाडली आणि गादी उन्हात टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोरमन एकटाच काठावर बसलेला दिसला. मागून नाना गुडघाभर पाण्यातून पान्ह्यांची पेटी डोक्यावर घेऊन आले. फळ्या फुगल्या होत्या, फुगायला जागाच नव्हती, म्हणून खिळे उपटून निघाल्या होत्या. भिका आबा, पूल होण्याआधी हीच नाव चालवणारे, तंबाखू मळत बघत होते. ते म्हणाले, "लोखंड नई शे ते. लाकूड शे. पानी पेस, फुगस." आधी दगड भरून नाव आठ दिवस बुडवायची, लाकडाला पोटभर पाणी पाजायचं, आणि मग सांधी भरायच्या, त्याही हलक्या हाताने. दोन वर्षं आबा रोज तिथे येऊन बसत होते. मग आधी का नाही सांगितलं? तर नानांनी विचारलंच नव्हतं. मी गादी परत गुंडाळली.

नानांना बुडवायचं पटेना. दोन वर्षं जिच्यात राहिलो तिच्यात दगड भरायचे म्हणजे काय! शेवटी भरले. आठ दिवस काठावर खाट टाकून बसले, पाण्याकडे बघत, जेवले नाहीत धड. पुढच्या दिवाळीत नाव पुन्हा पाण्यात गेली. महिना गेला. फोरमन तळाशी ऐसपैस झोपायला लागला. नाना शब्दाचे पक्के. पेटी घेऊन, कुत्रा घेऊन घरी आले. मी गिरणीवर मुद्दाम दोनदा गेले.

पहिल्या चार दिवसांत त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, कुकरचा दांडा घट्ट केला, न बिघडलेला पंखा खोलला आणि परत बसवला. मग काम संपलं. ते ओट्यावर खुर्चीत बसायला लागले. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचे, पाहुण्यासारखं. पुन्हा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला लागले. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. याच घरी यावं म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या मागे लागले होते.

एका सकाळी चहा देताना मी म्हटलं, "नाना, नावेला गळती लागलीय म्हणे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कोण म्हणे, असं विचारलं नाही. चहा संपवला, पेटी घेतली, चपला घातल्या. फोरमन आधीच फाटकाशी उभा होता.

गावाचं म्हणणं असं खरं ठरलं. सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं.

दुपारी डबा घेऊन गेले. नाना नावेत मांडी घालून बसले होते, हातात कापसाचा पेळू. शेजारी फोरमन पोट तळाला लावून, चारी पाय पसरून झोपलेला. त्याच्या अंगाखाली ठणठणीत कोरडं होतं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गयती मोठी शे, माय," ते म्हणाले. "दोन-तीन वरीस लागतीन."

पावणेचार वर्षं लागली.