ताण्याखालची पोर

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला की मी लहानपणीच्या सोलापुरातल्या आमच्या विणकरांच्या बोळात पोचतो. कोवळ्या उन्हात बोळभर पांढऱ्या सुताचा ताणा, मागावर चढवायचे लांब उभे धागे, कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला असायचा, अन् आम्ही पोरं तुटलेले धागे जोडत फिरायचो. शेजारची पोर पायानं अधू, बसूनच सरकायची. तिची आई ओरडायची, “उंबऱ्यातच बस, कुनाचा तरी पाय पडंल!” एकदा ताण्याच्या मधोमध धागा तुटला. आमचे हात पोचेनात. ती सरकत ताण्याखाली गेली, सुतातून गळणाऱ्या उन्हात मान वर करून तिनं गाठ मारली. “आता रोज मीच येनार की!” तिची आई म्हणाली, “ये बाई, पन डोकं सांबाळ.” पुढं तीच माझी बायको झाली. आता ती न्हाय. उंबऱ्यात मी बसतो.