शेवभाजी, सिल्कची साडी आणि माझी बॅच

गेल्या गुरुवारी दुपारी, जालना रोडवरच्या एका हॉटेलात, माझ्या नव्याकोऱ्या साडीवर बाऊलभर शेवभाजी सांडली. आणि तो दिवस माझ्या आजवरच्या नोकरीतला सगळ्यात छान दिवस ठरला... कसं ते सांगते.

मी हर्सूलला एका ट्रेनिंग सेंटरमध्ये हॉटेल सर्व्हिस शिकवते. टेबल कसं लावायचं, ऑर्डर कशी घ्यायची, गेस्ट चिडला तर काय बोलायचं, वगैरे. माझी मुलं-मुली बहुतेक फुलंब्री, सिल्लोड, फर्दापूर अशा भागातली. काहींच्या घरी शेती, काहींच्या घरी मेंढरं. नोकरीचं म्हणाल तर हीच पहिली पिढी.

कोर्स संपत आला की मी प्रत्येक बॅचला एकदा चांगल्या हॉटेलात जेवायला नेते. ज्याला आयुष्यभर वाढायचंय, त्यानं एकदा तरी ऐटीत बसून वाढून घ्यावं, असं आपलं माझं मत.

सगळे कडक इस्त्री करून आले होते. मीही नटले होते... मोतिया रंगाची सिल्कची साडी, बहिणीनं गुलमंडीतून हौसेनं घेतलेली, पहिल्यांदाच नेसलेली. फर्दापूरची काजल मांडीवर नॅपकिन घेऊन इतकी ताठ बसली होती, की मलाच हसू येत होतं.

आम्हाला वाढायला चाळिशीतले एक काका होते. नवीनच लागलेले असावेत, ट्रेचा अंदाज अजून आला नव्हता. माझ्या मागून येताना त्यांचा पाय खुर्चीत अडकला आणि... शेवभाजी खांद्यावरून पदरावर, पदरावरून थेट निऱ्यांवर. लालभडक तर्रीसकट!

खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "दिसत नाही का?" इथपासून पुढचं सगळं ओठांवर आलं होतं.

मान वर केली तर अख्खी बॅच माझ्याकडे बघत होती. घास हातात, डोळे माझ्यावर. आदल्याच दिवशी वर्गात मी यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की काही सांडलं, फुटलं तर आधी माणूस बघायचा आणि मग वस्तू...

गिळला राग. काकांकडे वळले. रस्सा त्यांच्या बोटांवरूनही ओघळत होता.

"तुम्हाला भाजलं नाही ना?" मी विचारलं.

"माझं जाऊ द्या मॅडम... तुमची साडी..."

"साडी धुता येते. तुम्ही आधी हात नळाखाली धरा."

तेवढ्यात मॅनेजर धावत आला आणि सगळ्यांसमोर काकांवर ओरडायलाच लागला. "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. याला आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो!" काकांचा चेहरा पार उतरला.

आता मला मॅनेजरचा राग आला. पण मुलांसमोर त्याला झापलं असतं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? "जरा बाजूला बोलू या का?" म्हणून मी त्याला काउंटरपाशी नेलं.

तिथं हळू आवाजातच सांगितलं... माझी काही तक्रार नाही. तुमच्या खुर्च्या फार जवळजवळ आहेत, कुणाचाही पाय अडकेल. आणि आमचं पुढचं जेवण त्याच काकांनी वाढावं, एवढं माझ्यासाठी करा.

तो "बरं मॅडम" म्हणाला आणि स्वतःच खुर्च्या सरकवायला लागला. काकांना पाणीही त्यानंच नेऊन दिलं.

काका परत आले तेव्हा आमच्या पोरांनी कमाल केली. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक जण वाढून घेतलं की "थँक्यू काका" म्हणत होता. गुलाबजाम येईपर्यंत काका चक्क हसायला लागले होते. मी मात्र ओला पदर कमरेला खोचून, शेवभाजीच्या घमघमाटात बसलेली...

जेवण झालं. बाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो, तेव्हा काजल हळूच जवळ आली.

"मॅडम, एक इचारू? रागावणार नाय ना?"

"विचार की."

"हे तुम्ही आधीच ठरवलं व्हतं ना? ते काका, ते मॅनेजर... आमचं प्रॅक्टिकल व्हतं ना हे?"

मागे सगळी बॅच कान टवकारून उभी. त्यांची पक्की खात्रीच झाली होती! एक जण तर म्हणाला, "मॅनेजरनं ॲक्टिंग लई भारी केली, मॅडम."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अरे, प्रॅक्टिकलला कुणी नवी सिल्क नेसून येतं का?"

काजलचे डोळे हे एवढे मोठे झाले. "म्हंजी खरंच सांडलं? अन् तुम्हाला राग नाय आला?"

"लई आला," मी म्हटलं. "इथपर्यंत आला होता."

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा त्या डागाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग तं प्रॅक्टिकलपेक्षा लईच भारी झालं, मॅडम!" आणि तिनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच... भर रस्त्यावर, हॉर्नच्या गोंगाटात. रिक्षावाले थांबून बघायला लागले, हा काय प्रकार म्हणून.

साडीचा डाग काही पूर्ण निघाला नाही. बहिणीला अजून सांगितलं नव्हतं, आता ती इथंच वाचेल. (ताई, सॉरी गं...)

पण तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. टेबलावर मी एकटीच असते, तर अशी वागले असते का? छातीठोकपणे 'हो' नाही म्हणवत. तेव्हा मुलांनो, टाळ्या तुम्हालाच. तुम्ही बघत होतात, म्हणून मी तशी वागू शकले.