घशात अडकलेलं

चाकणजवळचं शेत कंपनीच्या कुंपणात गेलं, तरी धर्माजींनी दाराशी एक गाय ठेवलीच होती. कपिलीच्या अंगावरून हात फिरवल्याबिगर त्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे.

एक दिवस कपिली लाळ गाळायला लागली. वैरणीला तोंड लावीना, घोगरं हंबरायची, पाण्याची बादली पुढं केली की तोंड फिरवायची. घशात बटाटा अडकला असेल म्हणून धर्माजींनी कोपरापर्यंत हात घातला. दातांनी मनगट खरचटलं, हाती काहीच लागलं नाही. गाय गेली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार हिला. हा रेबीज आहे. ज्यांच्या ज्यांच्या हाताला लाळ लागली, त्यांनी वाहत्या पाण्यात साबणानं हात धुवा आणि आजच इंजेक्शन घ्या."

सून रोहिणीनं सासूला, पुतळाबाईंना, ओढतच दवाखान्यात नेलं. धर्माजींनी मात्र सगळं हसण्यावारी नेलं. "मला कुठं कुत्रं चावलंय? आपल्या गाईची लाळ ती!"

काही आठवड्यांनी त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि कपिलीसारखंच तोंड फिरवलं. तेव्हा उपाय उरला नव्हता.

आता आळीत कुणाची गाय लाळ गाळू लागली की पुतळाबाई अनवाणी धावतात. "हात घालू नका! डॉक्टरला बोलवा!" लोक हळहळतात, नवऱ्याचं दुःख अजून ताजं हाय म्हणतात.

त्या दिवशी गोठ्यात "घशात कायतरी अडकलंय, हात घालून बघा की," असं धर्माजींना कोण म्हणालं होतं, हे पुतळाबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नाही.